लहान मुलाची कॅथ प्रोसिजर ठरलीय? घरातल्या ‘फोनवाल्या’ने काय करायचं

घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं की एक काम न सांगता आपल्याकडे येतं. “तू जरा गूगलवर बघ ना!” आमच्या देहूच्या घरात ते माझ्याकडे आलं. भाची पहिलीत होती. शाळेतल्या आरोग्य तपासणीत डॉक्टरांना तिच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला. पुढे टूडी इको झाला आणि कळलं की हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे. डॉक्टर म्हणाले, छाती उघडायची गरज नाही, कॅथ लॅबमध्ये पायाच्या शिरेतून डिव्हाइस टाकून बंद करू.

मी इंजिनिअर. मला वाटलं, दोन तास वाचलं की झालं. पण शोधल्यावर समोर आलं ते सगळं मोठ्या माणसांचं. हार्ट अटॅक, ब्लॉकेज, स्टेंट. रात्री दीड वाजता ताईने एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, “हे असंच करणार का रे?” तो बायपासचा व्हिडिओ होता. म्हणजे जे होणारच नव्हतं, त्याला घाबरून ती जागी होती.

मशिनचा भाग मला दोन संध्याकाळींत कळला. घर तयार करायला दोन आठवडे लागले. म्हणून या लेखात दोन्ही सांगतो. निर्णय डॉक्टरांचाच, पण घरातला फोनवाला माणूस नीट वागला तर बाकीच्यांचं बरंच ओझं कमी होतं.

कॅथ म्हणजे नेमकं काय?

कॅथेटर म्हणजे बारीक, लवचिक नळी. लहान मुलांमध्ये ती बहुतेक वेळा जांघेतल्या शिरेतून आत घालतात आणि शिरेच्या रस्त्यानेच हृदयापर्यंत नेतात. नळीची जाडी ‘फ्रेंच’ नावाच्या मापात मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. म्हणजे ६ फ्रेंचची नळी २ मिलिमीटर जाड, आपल्या चार्जिंग केबलपेक्षा बारीक. डिव्हाइस न्यायला कधीकधी थोडी जाड नळी लागते. काम झाल्यावर नळी काढतात आणि त्या जागी दाब देऊन पट्टी लावतात. छातीवर टाका नाही.

नळी आत गेल्यावर डॉक्टर मुख्यतः तीन गोष्टी बघतात.

पहिली, दाब. हृदयाच्या प्रत्येक कप्प्यात आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत रक्ताचा दाब किती आहे, हे नळीला जोडलेला सेन्सर दाखवतो.

दुसरी, ऑक्सिजन. कोविडच्या काळात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आपण सगळ्यांनी बघितलंय. इथे तेच माप हृदयाच्या आतल्या रक्ताचं घेतात. उजव्या बाजूला शरीरातून परत आलेलं, कमी ऑक्सिजनचं रक्त असतं. तिथे आकडा अचानक वाढलेला दिसला, तर डावीकडचं शुद्ध रक्त छिद्रातून इकडे येतंय हे कळतं. नेटवर्कमध्ये डेटा कुठे लीक होतोय हे शोधायला आपण वेगवेगळ्या पॉइंटवर रीडिंग घेतो, तसंच.

तिसरी, चित्र. नळीतून आयोडीन असलेलं औषध सोडतात. ते एक्स-रेमध्ये गडद दिसतं, त्यामुळे रक्त कुठून कुठे वाहतंय ते स्क्रीनवर लाइव्ह दिसतं. “एवढा वेळ एक्स-रे?” हा प्रश्न आमच्या दाजींनी लगेच विचारला. हा एक्स-रे सलग चालू नसतो, सेकंदाला ठरावीक वेळा चमकतो. स्टोरेज वाचवायला आपण व्हिडिओचे फ्रेम कमी करतो ना, तसे लहान मुलांसाठी हे फ्रेम कमी ठेवतात म्हणजे रेडिएशन कमी लागतं. काळजी वाटत असेल तर डॉक्टरांना थेट विचारा, त्यात काही गैर नाही.

ही कल्पना नवी नाही. १९२९ मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि ती आत पोचल्याचा पुरावा म्हणून स्वतःचाच एक्स-रे काढून घेतला. तेव्हा त्याच्यावर टीका झाली. १९५६ मध्ये त्याला इतर दोन शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळालं. आज हेच काम लहान मुलांवर भूल देऊन, तयार टीमच्या हातून होतं.

छिद्र बंद कसं होतं?

यासाठी वापरतात ते बरेचसे डिव्हाइस नायटिनॉलच्या बारीक तारांनी विणलेले असतात. नायटिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू. त्याची खासियत अशी की तो स्वतःचा आकार ‘लक्षात ठेवतो’. दोन चकत्या आणि मध्ये बारीक कंबर असा डिव्हाइसचा मूळ आकार असतो. ओढून सरळ केला की तो नळीत मावतो. नळीबाहेर आला की पुन्हा चकतीसारखा उघडतो. एक चकती पडद्याच्या या बाजूला, दुसरी त्या बाजूला. शर्टाला टिचबटण लावल्यासारखं.

मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट वेगळीच वाटली. डिव्हाइस उघडल्यावरही तो एका तारेला आट्याने जोडलेला असतो. डॉक्टर इकोवर बघतात, नीट बसलाय का, झडपेला अडतोय का. पटलं नाही तर परत नळीत ओढून घेता येतो. सगळं बरोबर दिसलं की मगच तो तारेपासून सोडतात. पुढच्या साधारण ६ महिन्यांत हृदयाचा स्वतःचा पातळ थर त्यावर वाढतो.

एक गोष्ट घरात आधीच सांगून ठेवा. कधीकधी आत गेल्यावर लक्षात येतं की छिद्राच्या कडा पुरेशा नाहीत किंवा जागा अडचणीची आहे. मग डॉक्टर डिव्हाइस न लावता बाहेर येतात आणि पुढे ऑपरेशनचा विचार करतात. हे आधी माहीत नसेल तर बाहेर बसलेल्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. खरं तर योग्य वेळी थांबणं हाही नीट केलेल्या कामाचाच भाग आहे. धोकेही विचारून घ्या. नळीच्या जागी रक्तस्राव, हृदयाचे ठोके अनियमित होणं, औषधाची ॲलर्जी, क्वचित डिव्हाइस सरकणं. संमतीपत्रावर हे लिहिलेलं असतं. सही करायच्या आधी आईवडिलांसोबत बसून ते वाचा, नुसतं स्कॅन करून ठेवू नका.

आधी मोठ्यांना तयार करा

आमच्या फॅमिली ग्रुपवर तीन दिवसांत तीन वेगवेगळ्या बातम्या फिरल्या. मावशीला वाटलं बायपास आहे, मामेभावाला वाटलं फक्त टेस्ट आहे, आजी म्हणाली “एवढ्या पोरीला अटॅक कसा आला?” शेवटी मी डॉक्टरांशी झालेल्या बोलण्यावरून एक मेसेज लिहिला, ताईला दाखवला आणि तोच ग्रुपवर टाकला. त्यात एवढंच होतं: हे जन्मापासूनचं छिद्र आहे, ब्लॉकेज नाही. कोणाच्या खाण्यापिण्याने किंवा ग्रहणाने झालेलं नाही. छाती उघडणार नाहीत. तारीख ही. हॉस्पिटलमध्ये फक्त आईबाबा आणि मी. फोन मला करा, ताईला नको.

यातलं दुसरं वाक्य कंटाळा न करता पुन्हा पुन्हा सांगा. जन्मजात हृदयदोष दर १०० बाळांमागे साधारण एकाला असतो. तरी घरात आईकडेच बोट दाखवलं जातं. “गरोदरपणात काय केलंस?” हा प्रश्न आमच्याकडेही एकाने विचारला. तो तिथेच थांबवणं हे आपलं काम.

मुलाला काय सांगायचं?

इथे आमची चूक झाली. आम्ही ठरवलं होतं की भाचीला काहीच सांगायचं नाही, “फिरायला जाऊ” म्हणून न्यायचं. पण मुलांना घरातलं वातावरण कळतं. एका रात्री तिने मला विचारलं, “मामा, मी मस्ती करते म्हणून मला दवाखान्यात ठेवणार का?” लहान मुलं आजाराला शिक्षा समजतात, हे मी नंतर वाचलं. तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा पोटात गोळा आला.

मग ताईने तिला नीट सांगितलं. तुम्हालाही हे उपयोगी पडेल:

• खरं सांगा, पण थोडं सांगा. “तुझ्या हृदयात एक छोटी फट आहे, डॉक्टर ती बंद करणार आहेत. तू काही चुकीचं केलं नाहीस.”
• “अजिबात दुखणार नाही” म्हणू नका. सुई टोचते. “सुई थोडी टोचेल, मग तुला औषधाने झोप लागेल. आतलं काम चालू असताना तुला काही कळणार नाही. उठशील तेव्हा आई तिथे असेल.” उठताना आई तिथे असेल का, हे मात्र हॉस्पिटलला आधी विचारून मगच कबूल करा.
• पट्टी जांघेत असणार, हेही सांगा. “तिथे डॉक्टर बघतील, आईला माहीत आहे, आईने हो म्हटलंय.” हे न सांगता अचानक झालं तर मूल घाबरतं आणि लाजतंही.
• तीन-चार वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी सांगितलेलं पुरतं. शाळेत जाणाऱ्याला चार-सहा दिवस आधी सांगा म्हणजे त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो.
• खेळातून दाखवा. भाचीने तिच्या टेडीला पट्टी लावली आणि त्याला “पाय हलवायचा नाही हं” असं चार दिवस बजावलं. प्रोसिजरनंतर पाय सरळ ठेवायचा असतो, त्याची तिची प्रॅक्टिस आपोआप झाली.

आणि एक टेक्निकल सूचना. तुमच्या सर्चमुळे यूट्यूब ऑपरेशनचे व्हिडिओ सुचवायला लागतं. तोच फोन नंतर मुलाच्या हातात कार्टून बघायला जातो. सर्च हिस्टरी पॉज करा, किंवा हे सगळं वेगळ्या अकाउंटवरून शोधा.

हा एकादशीचा उपवास नाही

देहूत उपवास कोणाला शिकवावा लागत नाही. अडचण तिथेच आहे. आमच्या आजीच्या हिशोबात उपवासाला दूध चालतं, केळं चालतं. पहाटे लेकरू रडायला लागलं तर ती मायेनेच अर्धा कप दूध देणार. पण भूल देताना पोटात काही असेल तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून हा नियम जिवाचा आहे. चुकून काही दिलं गेलं तर लपवू नका, लगेच नर्सला सांगा. फार तर वेळ पुढे जाईल.

साधारण नियम असा असतो: जेवण, बिस्कीट, गाईचं किंवा पावडरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी, साधं पाणी २ तास आधी. पण हॉस्पिटल जी वेळ देईल तीच पाळायची. मी तीन फोनवर नावासकट अलार्म लावले, “दूध बंद”, “पाणी बंद”. आजीला समोर बसवून सांगितलं, की दूध इथे पाणी नाही, जेवण आहे. तिने ते ऐकलं आणि मग घरातल्या बाकीच्यांवर तिनेच पहारा ठेवला.

आधीच्या चार-पाच दिवसांत सर्दी, खोकला, ताप, जुलाब किंवा अंगावर पुरळ आलं तर हॉस्पिटलला फोन करा. रोजची औषधं सकाळी द्यायची की नाही, हेही विचारून लिहून ठेवा.

कागद, फाइल आणि पैसे

इथे आपला फोन खरा कामाला येतो.

१. एक फोल्डर करा. सगळे रिपोर्ट स्कॅन करून पीडीएफ बनवा आणि नावात तारीख आधी टाका, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. फोल्डर आईबाबा दोघांना शेअर करा आणि ऑफलाइनही सेव्ह ठेवा. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर रेंज मिळेलच असं नाही.

२. इकोची मूळ सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. त्यात चित्रं डायकॉम फॉरमॅटमध्ये असतात आणि डॉक्टरांना त्यावर मोजमाप करता येतं. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला व्हिडिओ त्याची जागा घेत नाही. व्हॉट्सॲपवर काही पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी उतरते.

३. खर्चाचं आधी विचारा. शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि दोष सापडला तर पुढच्या उपचारासाठी पाठवतात. त्या पथकाने दिलेली चिठ्ठी जपून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात, पण फक्त योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आणि ठरलेल्या उपचारांसाठी. तिथे ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. रेशन कार्ड, आधार आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन त्याला भेटा. मंजुरी प्रोसिजरच्या आधी घ्यावी लागते. चाकण-भोसरी पट्ट्यात कामाला असणाऱ्यांनी ईएसआय किंवा कंपनीचा मेडिक्लेम लागू होतो का, तेही एचआरला विचारावं.

४. आभा आणि आयुष्मान कार्ड यांत गोंधळ करू नका. आभा हा १४ अंकी नंबर रिपोर्ट एकत्र ठेवण्यासाठी आहे. त्याने बिल भरलं जात नाही. खर्चासाठी लागतं ते आयुष्मान कार्ड वेगळं.

५. एका नोटमध्ये प्रश्न लिहा. कोणता डिव्हाइस? किती दिवस मुक्काम? कोणती औषधं किती महिने? शाळा कधी? डॉक्टर समोर आले की डोकं रिकामं होतं, म्हणून नोट उघडी ठेवा. बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

तारीख ठरवताना देहूकरांनी कॅलेंडरही बघावं. बीज आणि पालखी प्रस्थानाच्या दिवसांत गावातून गाडी बाहेर काढणं अवघड असतं. एरवीही तळवडे-चाकण बाजूला शिफ्टच्या वेळी गर्दी असते. सकाळी लवकर बोलावलं असेल तर आदल्या रात्रीच पोचलेलं बरं.

त्या दिवशी आणि नंतर

“दोन तास लागतील” म्हणजे दोन तासांनी मूल बाहेर, असं नसतं. आधी भूल, मग काम, मग शुद्धीवर आणणं. आमच्याकडे साडेतीन तास लागले आणि दोन तास होताच ग्रुपवर “काय झालं? काय झालं?” सुरू झालं. म्हणून आधीच मोठा आकडा सांगा.

बाहेर आल्यावर मूल चिडचिडं, रडकं असतं. काही वेळ सरळ पडून राहावं लागतं, पाय वाकवायचा नाही. इथे आधीच डाउनलोड केलेली कार्टून आणि पॉवर बँक सोन्यासारखी वाटते. नर्स पायाचा रंग आणि ऊब तपासत राहतात. पट्टीतून रक्त येताना दिसलं तर त्या जागी दाब द्या आणि लगेच हाक मारा.

घरी आल्यावर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस पळणं, सायकल, उड्या बंद. पट्टीची जागा पाण्यात भिजत ठेवायची नाही, त्यामुळे इंद्रायणीत डुंबणं तर नाहीच. ताप, पट्टीजवळ सूज किंवा रक्त, पाय थंड किंवा निळा पडणं, छातीत दुखणं, धाप, चक्कर यांपैकी काहीही दिसलं तर गूगल करत बसू नका. हॉस्पिटलला फोन करा, गरज असेल तर १०८ लावा.

डिव्हाइस बसवल्यावर बहुतेक मुलांना काही महिने रक्त पातळ ठेवणारी गोळी असते. त्याचा रोजचा अलार्म लावा. पहिल्या ६ महिन्यांत दाताचं काम निघालं तर दंतवैद्याला डिव्हाइसबद्दल आधी सांगा. डिव्हाइसचं कार्ड मिळतं, त्याचा फोटो फोल्डरमध्ये टाका. उद्या कधी एमआरआय करायची वेळ आली तर ते लागेल.

फोनने काय करू नये

मुलाचे रिपोर्ट, आधार, हॉस्पिटलच्या बेडवरचा फोटो मोठ्या ग्रुपवर टाकू नका. अशा फोटोंवरून मदतीच्या खोट्या पोस्ट आणि क्यूआर कोड फिरतात. एआय चॅटबॉटला रिपोर्टमधल्या शब्दाचा अर्थ विचारा, पण “हे करावं का” हे विचारू नका. आणि त्या खोलीबाहेर बसलेल्या आईला स्क्रीन दाखवू नका. ताई मला नंतर म्हणाली, “तू फोन खिशात ठेवून नुसता शेजारी बसलास ना, तेव्हा बरं वाटलं.”

भाची आता दुसरीत आहे. टेडीची पट्टी अजून काढलेली नाही. विचारलं तर म्हणते, “त्याला डॉक्टरांनी अजून सोडलं नाही.”